चना शिजत नाही? शिट्ट्या वाढवण्याआधी दाणा आणि पाणी तपासा

रविवारची सकाळ. पोहे झालेत, त्यावर ओतायच्या तर्रीवर, म्हणजे चन्याच्या तिखट रश्श्यावर, लाल तवंग आलाय, कांदा चिरून ठेवलाय, सांबार म्हणजे कोथिंबीर धुऊन निथळत ठेवलीय. आणि पहिल्याच घासाला चन्याचा दाणा दाताखाली टणक लागतो. रश्श्याला चव आहे, पण अंग नाही. दाण्यातलं काही पाण्यात उतरलेलंच नसतं, म्हणून खालचं पाणी वेगळं आणि वरचं तेल वेगळं. आमच्या घरी सासरे काही बोलायचे नाहीत, फक्त चने ताटाच्या कडेला सारून ठेवायचे. ती कड बघितली की माझी भूकच जायची.

हे आमच्याकडे दोन वर्षं चाललं. एखाद्या वेळी चना मऊ व्हायचा, पुढच्या वेळी तोच चना, तोच कुकर, तितक्याच शिट्ट्या, आणि दाणा कडक. मी कुकरची रिंग बदलली, शिट्टी बदलली, दुकान बदललं. सहा शिट्ट्यांच्या आठ केल्या, आठच्या बारा केल्या. शेवटी कळलं की आमच्याकडे एक नाही, दोन वेगवेगळ्या अडचणी होत्या आणि त्या आलटून पालटून येत होत्या. म्हणून एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नव्हता. तुमच्याकडेही असं कधी होतं, कधी होत नाही, असं असेल तर शिट्ट्या मोजणं थांबवा आणि खाली दिलेल्या क्रमाने शोधा. मी चन्याबद्दल लिहितेय, पण छोले, राजमा, पांढरा वाटाणा, बरबटी (चवळी) या सगळ्यांना हेच लागू आहे.

आधी भिजलेला दाणा बघा

रात्री भिजवलेला चना सकाळी पाणी काढून स्टीलच्या ताटात ओता. ओततानाच कान द्या. नीट भिजलेला दाणा ताटात पडताना थप्प वाजतो. न भिजलेला टण्ण वाजून उडी मारतो. मग बोटांनी पसरा. फुगलेले दाणे दुपटीच्या आसपास मोठे झालेले असतात, त्यांचा रंग उजळलेला असतो. त्यांच्यात काही दाणे काल टाकले तसेच, बारीक आणि गडद, राहिलेले दिसतील. हे गणंग. माझी आजी त्यांना कुचर म्हणायची.

गणंग म्हणजे ज्याच्या सालीतून पाणी आतच शिरत नाही असा दाणा. तो कितीही शिजवा, कोरडा दाणा कुकरमध्ये टाकल्यासारखंच आहे. वाटीभर चन्यात असे चार-सहा निघाले तर वेचून टाका, विषय संपला. मूठभर निघत असतील तर तो माल फार वाळलेला आहे. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि स्लॅबवर त्याहून जास्त तापतं. वर्षभराचं धान्य चार-चार दिवस गच्चीवर पसरून ठेवलं की किडीचा बंदोबस्त होतो हे खरं, पण दाण्यातलं उरलंसुरलं पाणीही उडून जातं आणि साल काचेसारखी बंद होते. अशा मालावर रात्री गार पाणी न ओतता उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, आणि नेहमीपेक्षा चार तास जास्त द्या. पुष्कळ दाणे उघडतात.

डिसेंबर-जानेवारीत हीच तक्रार वेगळ्या कारणाने येते. नागपूरला रात्री दहा अंशांच्या खाली गेलेल्या असतात, ओट्यावरचं पाणी बर्फासारखं गार, आणि त्यात आठ तासांत दाणा अर्धाच भिजतो. तेव्हा कोमट पाणी घ्या आणि गंज, म्हणजे पातेलं, जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. उन्हाळ्यात नेमकं उलट: सहा तासांनी बघा. रात्रभर ठेवलं तर सकाळी वर फेस येतो आणि पाण्याला आंबूस वास येतो. हे पाणी तर टाकायचंच, पण दाण्यालाही ती आंबट लागण झालेली असते, आणि आंबटाचं काय होतं ते पुढे सांगते. मी एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत भिजवण फ्रिजमध्येच ठेवते.

दाणा फुगला, पण शिजत नाही

खरी डोकेदुखी ही आहे. दाणा टपोरा भिजलाय, गणंग एकही नाही, तरी पाऊण तास कुकरमध्ये राहूनही आत कणी आहे.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते समजलं की बाकीचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या खळीने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे ही खळ विरघळणं. खळ विरघळली की पेशी सुट्या होतात, दाणा बोटाने चेपतो आणि रश्श्याला दाटपणा येतो. पण त्या खळीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम जाऊन बसलं की ती विरघळत नाही, घट्ट बांधली जाते. मग आच कितीही द्या. तर प्रश्न एवढाच उरतो की हे कॅल्शियम येतं कुठून. ते दोन ठिकाणांहून येतं: पाण्यातून, किंवा दाण्याच्या स्वतःच्याच पोटातून.

पाणी

आम्ही नागपुरातच महाल भागातल्या जुन्या घरातून बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये आलो आणि चना बिघडला. हे दोन प्रसंग एकमेकांशी जोडायला मला दीड वर्ष लागलं. महालात नळाला महापालिकेचं पाणी होतं, म्हणजे पेंच-कन्हानचं, नदीचं. इथे टाकीत बोअरचं पाणी येतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीच्या काठाला पांढरी रेघ, साबणाला फेस नाही, हे सगळं मी रोज बघत होते आणि केसांसाठी काळजी करत होते. डाळीचा विचारच आला नाही. एका दिवशी मोटर जळली, टाकी रिकामी, म्हणून पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात चना लावला. वीस मिनिटांत दाणा लोण्यासारखा.

एका वेळच्या अनुभवावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून मग नीट करून बघितलं, आणि हीच चाचणी तुम्हीही करा असा माझा आग्रह आहे. एकाच पिशवीतला चना तीन वाट्यांत भिजवला. एकीत बोअरचं पाणी. दुसरीत तेच पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून, गार करून, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून वरचं ओतलेलं. तिसरीत फिल्टरचं. सकाळी कुकरच्या तीन डब्यांत ज्याचं त्याचं ताजं पाणी घालून एकावर एक रचले आणि एकदमच शिजवले. एकच आच, एकच वाफ, एकच वेळ. उघडल्यावर प्रत्येक डब्यातले पाच दाणे घेतले आणि अंगठा आणि तर्जनीत चेपले. फिल्टरच्या पाण्यातला दाणा दाबायच्या आधीच पसरला. बोअरच्या पाण्यातला दोन फाकांत सुटला, पण फाक मोडली की मध्ये पांढुरकी कणी. उकळलेल्या पाण्यातला मधला: चेपतो, पण जोर लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी डब्यांची जागा बदलून पुन्हा केलं, खालचा वर, वरचा खाली. निकाल तोच.

मधल्या डब्याचं कारण असं. पाण्याचा जडपणा दोन प्रकारचा असतो. एक उकळल्यावर खाली बसतो, भांड्याला चिकटतो तो. दुसरा उकळून जात नाही. तुमच्या बोअरमध्ये कोणता जास्त आहे त्यावर उकळण्याचा फायदा किती ते ठरतं. हल्ली सगळे टीडीएसचा आकडा सांगतात, पण तो आकडा म्हणजे पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांची बेरीज. आपल्याला हवा असतो एकूण कठीणपणा, हार्डनेस. पाणी तपासायला दिलं असेल तर अहवालात ती ओळ बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. म्हणजे पिण्यासाठी चालतं म्हणून त्यात चना शिजेलच असं नाही.

उपाय साधा आहे. धुवायला बोअरचं पाणी चालेल. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं किंवा नळाचं पाणी. पाव किलो चन्याला दोन्ही मिळून दोन-अडीच लिटर लागतं, तेवढं बाजूला काढून ठेवा. घरात तेवढंही नसेल तर उकळून निवळलेलं. पण जिथे मैत्रिणींनी हे फक्त भिजवायला वापरलं आणि शिजवताना पुन्हा टाकीचं पाणी घातलं, तिथे अर्धाच फरक पडला.

दाण्याचं वय आणि माळा

पाणी बदललं आणि फेब्रुवारी ते जून आमचं झकास चाललं. ऑगस्टमध्ये पुन्हा कडक. मला रडू यायचं बाकी होतं. पाणी तेच फिल्टरचं, दाणा टपोरा भिजतोय, आंबट काही नाही.

तेव्हा दुसरं कारण सापडलं, आणि ते पूर्णपणे आपल्या हवेचं आहे. चना रब्बीचा, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि कळमन्याच्या बाजारात नवा माल येतो. आम्ही तेव्हाच इतवारी बाजारातून वर्षाचा दहा किलो भरायचो आणि पत्र्याच्या कोठीत माळ्यावर ठेवायचो. माळ्याच्या वरच छत. म्हणजे दाण्याने मे महिन्याची भट्टी सोसली आणि लगेच जुलै-ऑगस्टची दमट हवा. उष्णता आणि ओल यांची जोडगोळी कडधान्याला सगळ्यात वाईट. दाण्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, त्याने कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवलेलं असतं. अशा साठवणुकीत फायटेट हळूहळू तुटतं, धरलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि भिजवल्या-शिजवल्यावर त्या खळीत जाऊन बसतं. बाहेरून दाण्यावर काहीही दिसत नाही. कीड नाही, वास नाही, भिजतोही छान. फक्त शिजत नाही, आणि एकदा असा झालेला दाणा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

दुकानातल्या पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, पिकाची नसते, हे लक्षात ठेवा. मी आता दुकानदाराला सरळ विचारते, भाऊ, यंदाचा आहे की मागचा? ओळखीचा असेल तर खरं सांगतो. नाहीच कळलं तर पाव किलो आणून शिजवून बघते, मग मोठं माप घेते.

साठवणीत मी तीन गोष्टी बदलल्या. वर्षाचं भरणं बंद, आता दोन-तीन महिन्यांचं. कोठी माळ्यावरून उतरवून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, आमच्याकडे ती जागा देवघराच्या खालचं कपाट आहे. आणि किडीसाठी चार दिवसांचं कडक ऊन देण्याऐवजी घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये, मग पिशवी न उघडता बाहेर काढून पूर्ण नेहमीच्या तापमानाला आली की डब्यात. थंड असताना उघडली तर दाण्यावर दव बसतं आणि सगळी मेहनत उलटी होते. सासूबाईंना हे आधी पटलं नव्हतं, उन्हाशिवाय धान्य त्यांना अपुरं वाटतं. आता सकाळचे दोन तास ऊन आणि मग फ्रीजर, यावर आमचं जमलंय.

घरात आहे त्या जुन्या चन्याचं काय

मीठ आणि सोडा. पण दोन्ही योग्य जागी.

मिठाबद्दल आपल्याकडे पक्का समज आहे की आधी घातलं तर दाणा कडक होतो. मीही तसंच शिकले होते. भिजवणीच्या पाण्यात घालून बघितलं आणि उलट झालं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमला बाजूला सारून त्याची जागा घेतं, साल नरम होते आणि शिजताना फाटतही नाही. एक लिटर पाण्याला दोन सपाट चमचे मीठ, रात्रभर. सकाळी ते पाणी टाकायचं, दाणे दोनदा धुवायचे. थोडं मीठ दाण्यात राहतंच, तेव्हा रश्श्यात हात आखडता घ्या, आणि घरात कोणाला रक्तदाबाचं पथ्य असेल तर हा उपाय त्यांच्या वाटणीला वापरू नका.

सोडा म्हणजे खाण्याचा सोडा. त्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि खळ भराभर विरघळते. जुन्या चन्याला भिजवणीच्या लिटरभर पाण्यात पाव चमचा, आणि तेही पाणी टाकून द्यायचं. शिजवताना घालायचाच असेल तर पाव किलोला एक चिमूट, खरोखरच दोन बोटांत मावते तेवढी. जास्त झाला की साली वेगळ्या तरंगतात, दाण्याचा लगदा होतो, रश्श्याला साबणासारखी चव येते, आणि ब-१ जीवनसत्त्वही नासतं. नव्या चन्याला सोडा घालणं मला अजिबात पटत नाही. त्याची गरजच नसते, आणि चन्याची जी मातीसारखी गोडसर चव असते ती सोड्याने मरते.

एवढं करूनही कणी राहिली तर तो चना तर्रीसाठी नाही. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते.

आंबट कधी घातलं?

टोमॅटो, चिंच, आमसूल, दही, कैरी. यातलं काहीही कच्च्या किंवा अर्धकच्च्या दाण्यासोबत गेलं की खळ विरघळायची थांबते. गुळाचंही थोडं तसंच, त्यात कॅल्शियम असतं. माझ्या एका मैत्रिणीने सगळं एकत्र कुकरमध्ये लावायची पद्धत धरली होती: चना, टोमॅटोची प्युरी, मसाला, पाणी, झाकण. चाळीस मिनिटांनीही दाणा कडक. टोमॅटो नंतर घालायला सांगितलं, दुसरं काहीही बदललं नाही, आणि अडचण गेली.

पण हाच गुण उलटा वापरता येतो. पूर्ण शिजलेल्या चन्यात आंबट गेलं की दाणा जिथे आहे तिथेच थांबतो, पुढे फुटत नाही. पोह्याच्या गाडीवर तर्रीचा गंज सकाळभर उकळत असतो, तरी चना अख्खा आणि आतून मऊ, तसा घरी हवा असेल तर क्रम हाच: आधी चना नुसत्या पाण्यात पूर्ण मऊ, चेपून खात्री, मग टोमॅटोचा मसाला, मग हवं तेवढं उकळा. पोह्यावर लिंबू तर ताटातच पिळायचं.

कुकर

याचा नंबर मी मुद्दाम शेवटी लावलाय, कारण दोष बहुतेक वेळा इथे नसतो. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं. दाब चढला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जाऊन थांबतं, मोठ्या गॅसवर धडाधड बारा शिट्ट्या काढल्याने ते वाढत नाही, फक्त पाणी आटतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा: भिजलेल्या चन्याला २० ते २५ मिनिटं. मग गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या. घाईने नळाखाली धरलं तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि साली फाटतात. कडधान्याला फेस येतो, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरू नका. शिट्टी येतच नसेल आणि कडेने वाफ सुटत असेल तर रिंग बदला.

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी ९९ अंशांना उकळतं, तेव्हा उंचीचं कारण आपल्याला लागू नाही. चिखलदऱ्याला उघड्या गंजात शिजवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

राजम्याबद्दल मात्र एक गोष्ट गंभीरपणे. कच्च्या राजम्यात असं द्रव्य असतं की अर्धवट शिजलेल्या थोड्या दाण्यांनीही काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. भिजवलेलं पाणी टाकायचं, आणि कुकर नसेल तर निदान दहा मिनिटं पूर्ण खळखळ उकळलाच पाहिजे. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा थेट लावू नका. कणी राहिलेला राजमा चालवून घ्यायची वस्तू नाही.

तुरीच्या डाळीला साल नसते, त्यामुळे ती शिजत नसेल तर कारण पाणी किंवा जुनेपणा, बहुधा पाणीच. अर्धा तास कोमट फिल्टरच्या पाण्यात ठेवा. मूग आणि मसूर क्वचितच त्रास देतात.

आता माझी तर्री

यंदाचा चना, मिठाच्या पाण्यात रात्रभर. धुऊन, फिल्टरच्या पाण्यात, दाण्याच्या वर दोन बोटं पाणी, बारीक गॅसवर वीस मिनिटं. ते शिजवलेलं पाणी जपून ठेवायचं, रश्श्याचा जीव त्यात आहे. त्यातले डावभर चने वाटून त्याच पाण्यात परत घालायचे, म्हणजे रस्सा एकजीव होतो. फल्लीतेलात (शेंगदाण्याच्या तेलात) भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, अद्रक-लसणाचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, तिखट भिवापुरी मिरचीचं. मग टोमॅटो, आणि तो पूर्ण गळला की चना त्याच्या पाण्यासकट.

आणि माळ्यावरून उतरवलेल्या त्या दहा किलोतला उरलेला चना? पाच किलो होता. कोरडाच मंद भाजला, भरडून साल पाखडली आणि चक्कीवरून बेसन करून आणलं. त्या बेसनाच्या पातोड्या, म्हणजे वड्या, आम्ही दिवाळीपर्यंत खाल्ल्या, रश्श्यात आणि नुसत्याही. डब्यावर आता मी खडूने पिकाचा महिना लिहिते. सध्याच्या डब्यावर फेब्रुवारी आहे.